चौथ्या दिवसाच्या बाटल्या

अहवाल एका ओळीचा होता. 'निकोटीन : आढळले.' त्याखाली सहा आकडे, एक शिक्का आणि 'हा अहवाल संगणकाने तयार केला असून त्यावर सहीची आवश्यकता नाही' हे नेहमीचं पालुपद. सहीची आवश्यकता नसलेल्या कागदांनी मला जेवढं छळलंय, तेवढं सही केलेल्या कागदांनी कधी छळलं नाही.

मी योगिता थेटे. दिंडोरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमची सात एकर द्राक्षबाग आहे आणि बागेच्या कडेला टेकडीच्या पोटात खणलेलं तळघर. तिथं मी आणि माझे यजमान संपतराव फसफसणारी वाइन करतो. मी पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, ते बारावीनंतर थेट बागेत शिकले. आमचं भांडण झालं की मी पुस्तकातलं बोलते, ते बागेतलं बोलतात, आणि मग दोन दिवस कुणीच बोलत नाही.

पाच वर्षांपूर्वी आम्ही सेंद्रिय व्हायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. छाटणीनंतर कोंबांचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून सगळा तालुका काडीला जी पेस्ट चोळतो, ती आम्ही बंद केली. मग एक वेल जागा आणि शेजारचा झोपलेला, अशी बाग दोन हंगाम बघितली. दुसऱ्या वर्षी भुरी ही बुरशी आली. एका फवाऱ्यात आटोपली असती. आम्ही गंधकाची भुकटी मारत बसलो आणि अर्धा माल डोळ्यांदेखत राखाडी झाला. बांधावरून जाणारे हसायचे. संपतराव म्हणाले, हसू दे, तीन वर्षं तर काढायचीत. ती तीन वर्षं काढून झाल्यावरची ही पहिली वाइन होती. बेचाळीसशे बाटल्या. आणि यंत्र म्हणत होतं की तिच्यात निकोटीन आहे.

निकोटीन म्हणजे तंबाखूतलं विष. एके काळी ते कीटकनाशक म्हणून फवारत, म्हणून निषिद्ध पदार्थांच्या यादीत ते अजून आहे. यादीसमोर एकच अट लिहिलेली आहे: शून्य.

या शून्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझ्या सगळ्या संतापाचं मूळ तिथं आहे. कायदा लिहिला तेव्हाची यंत्रं अब्ज भागांत एखादा भाग ओळखायची. त्याखालचं त्यांना दिसत नसे आणि जे दिसत नाही त्याला ती शून्य म्हणत. म्हणजे शून्य हा वाइनचा गुण नव्हता, यंत्राच्या अधू डोळ्यांचा होता. मग सहा वर्षांपूर्वी रेणुगणक आला. हा पदार्थाचं प्रमाण मोजत नाही, रेणू एकेक करून मोजतो. नखाएवढ्या पातीवर कोट्यवधी सूक्ष्म छिद्रं असतात; प्रत्येक छिद्रातून एका वेळी एकच रेणू जातो, जाताना विजेच्या प्रवाहाला जरासा अडथळा करतो आणि त्या अडथळ्याच्या आकारावरून यंत्र त्याला ओळखतं. गंगापूर धरण काठोकाठ भरलेलं असताना त्यात चिमूटभर तंबाखू टाकली आणि पाणी ढवळलं, तर कोणत्याही तांब्याभर पाण्यात रेणुगणकाला ती सापडेल. यंत्राचे डोळे असे हजारो पटींनी तीक्ष्ण झाले. कायद्यातलं शून्य मात्र जिथल्या तिथं राहिलं. ते दुरुस्त करायला समिती नेमलेली आहे असं मी सहा वर्षं ऐकते आहे.

आमच्या कामगारांनी या यंत्राचं नाव पोलीसपाटील ठेवलं होतं.

पोलीसपाटलाची आणखी एक करामत होती. तो नुसतं काय आहे ते सांगत नसे, कधी आलं तेही सांगे. फसफसणारी वाइन दोनदा आंबते. पहिल्यांदा टाकीत, दुसऱ्यांदा बाटलीत. बाटलीत थोडी साखर आणि यीस्ट घालून वर सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण ठोकायचं आणि अठरा महिने अंधारात ठेवायची. आत बुडबुडे तयार होतात, यीस्ट मरतं आणि त्याचा गाळ बसतो. बागेतून किंवा टाकीतून जे काही परकं आलेलं असेल ते या गाळाला चिकटतं, आणि यीस्टच्या सूक्ष्म तुकड्यांशी बांधलेलं सापडतं. गाळ काढल्यानंतर आलेलं मात्र मोकळं हिंडत असतं. आमचं निकोटीन मोकळं होतं. शिवाय त्याच्यासोबत माणसाच्या घामातली स्निग्धाम्लं होती. म्हणजे बाग निर्दोष होती आणि गुन्हा गाळ काढतानाच्या सहा दिवसांतला, कुणाच्या तरी हातचा होता.

गाळ काढायचं काम आम्ही डिसेंबरात केलं. त्याआधी दोन महिने भिकाबाई गांगुर्डे रोज प्रत्येक बाटलीला अष्टमांश वळसा देऊन ती हळूहळू डोक्यावर उभी करत आणते, म्हणजे सगळा गाळ मानेत उतरतो. भिकाबाई साठीची आहे, सकाळी मशेरी लावते, पण तिचा हात फक्त बंद बाटलीला लागतो. उघड्या बाटलीला हात लागतो दोघांचाच. संपतराव उलटी बाटली डाव्या हातात धरतात, झाकण उडवतात, गाळ सुसाट बाहेर पडतो आणि त्याच क्षणी डावा अंगठा तोंडावर दाबून ते वाइन अडवतात. या अंगठ्यासाठी मी त्यांना मानते. अर्धा घोटही वाया जात नाही. मग बाटली माझ्याकडे येते. मी गोडीचं माप घालते, काचेचा टवका उडालाय का ते बघायला तोंडावरून एकदा उघडं बोट फिरवते आणि बूच ठोकते. हातमोज्यातून टवका कळत नाही. रोज सातशे बाटल्या, असे सहा दिवस. मध्ये चौथ्या दिवशी चंपाषष्ठी आली, तेव्हा तळघराबाहेरच खंडोबाचा नैवेद्य झाला, बारा जणांनी भरीत-रोडगा खाल्ला आणि दुपारी पुन्हा कामाला लागलो.

अहवालातले आकडे दर दिवसाच्या एकेका बाटलीचे होते: शून्य, शून्य, शून्य, नऊ, चार, एक. मी ते वाचले आणि माझी नजर नऊवर अडकली. पुढचं मी बघितलं, पण वाचलं नाही. विज्ञान शिकलेल्या बाईनं असं करणं किती लाजिरवाणं आहे ते नंतर येईलच.

उघड्या बाटलीला दोन हात. मी तंबाखूला शिवत नाही. उरलं कोण?

हे इतक्या चटकन माझ्या मनात आलं त्यालाही कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी संपतरावांच्या डाव्या गालात आत पांढरा चट्टा निघाला होता. पंधरा वर्षं तिथं तंबाखूची गोळी ठेवल्याचा प्रसाद. तुकडा काढून तपासायला दिला, आणि निकाल येईपर्यंतचे नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. निकाल बरा आला. डॉक्टर म्हणाले, आता सोडली तर वाचलात, पुन्हा धरली तर मला भेटायला येऊ नका. संपतरावांनी सप्तशृंगीच्या गडावर जाऊन शपथ घेतली. माझा शपथांवर विश्वास नाही, म्हणून मी माझी पद्धत लावली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी ते खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे, आऽ करायचे, आणि मी टॉर्च मारून दोन्ही गाल, जिभेखाली, हिरड्यांच्या कडेला बघायची. अकरा वर्षं. पाहुणे असले तरी. त्यांच्या आईच्या तेराव्यालाही, कारण ती एक तारीख होती.

अहवाल आला अठ्ठावीस डिसेंबरला. मी तो त्यांच्यापुढे टाकला आणि विचारलं, कधीपासून?

त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, मी घेतलेली नाही. मी म्हटलं, यंत्राला काय वैर आहे तुमच्याशी? ते पुन्हा म्हणाले, घेतलेली नाही. आवाज चढवला नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

पुढचे आठ दिवस मी जे काही केलं ते सांगताना जीभ अडखळते, पण सांगते. त्यांचे खिसे उलटे केले. ट्रॅक्टरच्या सीटखाली हात घालून पाहिलं. धुवायला टाकलेले शर्ट हुंगले. चौकातल्या पानवाल्याला फोन करून आडून आडून विचारलं. त्यानं सरळ सांगितलं की संपतअण्णा इकडं दहा वर्षांत फिरकले नाहीत, तर मी मनात म्हटलं, हाही सामील आहे. काहीच सापडत नव्हतं, आणि जितकं सापडत नव्हतं तितकी माझी खात्री वाढत होती. एक जानेवारी याच आठ दिवसांत आली आणि गेली.

मग तपासनीस आले. पळसुले त्यांचं नाव, वय तिशीचं, बोलणं इतकं मऊ की भांडायला कुठं धरावं तेच कळू नये. त्यांनी हातातल्या पाटीच्या पडद्यावर प्रपत्र चौदा-क उघडलं. दोषस्रोत निवडायचा होता. पर्याय तीन: बागेतली फवारणी, शेजारच्या शेतातून आलेली फवारणी, तंबाखू सेवन करणारी व्यक्ती. तिसऱ्या पर्यायापुढे नावाची रिकामी जागा.

मी विचारलं, "आणि 'इतर' कुठं आहे?"

"'इतर' काढून टाकलं, मॅडम. लोक त्यात काहीही लिहायचे."

मी त्यांना शून्याचं सगळं व्याख्यान दिलं. नऊ भाग म्हणजे आरोग्याच्या दृष्टीनं काहीच नाही, एका टोमॅटोत याहून जास्त असेल, असंही म्हणाले. मी हे म्हणाले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. पळसुले मान हलवत होते. सगळं बरोबर आहे मॅडम, मी स्वतः समितीला तसं कळवलंय. पण प्रपत्र भरल्याशिवाय फाइल पुढं सरकत नाही. निम्म्या बाटल्या तर शुद्ध आहेत, तेवढ्या सोडा, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, लॉट एक, निकाल एक. पहिला किंवा दुसरा पर्याय निवडला तर बाग पुन्हा तीन वर्षं मागं. तिसरा निवडला तर मात्र मार्ग होता: त्या व्यक्तीनं कबुलीजबाब द्यायचा, तिला तळघरात कायमची बंदी, दारावर हात तपासणारा छोटा गणक बसवायचा, म्हणजे दोषस्रोत दूर झाला असं मानून शिक्का मिळतो. तीस दिवसांत काहीच निवडलं नाही तर अर्ज आपोआप रद्द.

मी संपतरावांकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण त्या बघण्यात सगळं होतं. ते खिडकीबाहेर बागेकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी पळसुल्यांच्या हातातली पाटी घेतली, रिकाम्या जागेत बोटानं आपलं नाव लिहिलं आणि खाली अंगठा टेकवला. तोच डावा अंगठा.

"झालं?" त्यांनी विचारलं, आणि ते बागेत निघून गेले.

मला वाटलं, अखेर कबूल केलं. क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं, मग अर्थ लागला. म्हणजे अकरा वर्षांनी यांनी पुन्हा धरली, आणि मला सांगितलंसुद्धा नाही. मी रडले, चिडले, मग त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेऊन टाकलं. स्वयंपाक बंद केला. भिकाबाई दोघांना तिच्या घरून डबा आणू लागली. आम्ही तो वेगवेगळ्या वेळी खायचो.

जानेवारीच्या तीस तारखेला शिक्का आला. सुंदर हिरवा शिक्का, शेजारी चौकोनी संकेतचित्र. फोन समोर धरला की बाटलीची सगळी कुंडली उघडते: कोणती बाग, कोणती छाटणी, किती महिने गाळावर. आणि शेवटी लाल अक्षरांत: 'दोषस्रोत दूर केला. संपत निवृत्ती थेटे, तंबाखू सेवन. उत्पादनस्थळी प्रवेश निषिद्ध.' हे प्रत्येक बाटलीवर जाणार होतं. पारदर्शकता म्हणतात तिला. मी संपतरावांना दाखवलं. ते म्हणाले, निवृत्ती कशाला घातलं, वडिलांनी तर आयुष्यात सुपारी नाही खाल्ली. बस्स, एवढंच.

फेब्रुवारीची पहिलीही तशीच गेली. तोवर तोडणी सुरू झाली होती. ते दिवसभर बागेत, मी तळघरात. दारावर गणक बसला. आत जाताना हात समोर धरायचा, हिरवा दिवा लागला की कडी सुटते. कामगार रांगेत उभे राहून एकमेकांना 'दाखव हात' म्हणत चिडवायचे. भिकाबाई मशेरी लावून आली की चारदा हात धुवायची आणि पोलीसपाटलाला शिव्या घालत आत शिरायची. बाहेर दाराजवळ पेट्या उतरवून संपतराव परत फिरत. बंदी म्हणजे बंदी. सव्वीस वर्षांपूर्वी त्या टेकडीत पहिली पहार त्यांनीच मारली होती.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस भिकाबाई पदरात पाच वांगी घेऊन आली. तिच्या परसातली, पांढऱ्या देठाची, भरताची. ओट्यावर ठेवली आणि उभीच राहिली.

"ताई, अण्णा दोन घास खाऊन डबा झाकून ठेवतात. महिना झाला बघते मी. तुमच्या हातचं भरीत करून घाला त्यांना. मग हवं तर भांडा."

मी तिच्यावर खेकसले. पण ती गेल्यावर वांगी तेल लावून काड्यांच्या विस्तवावर ठेवली. त्यांच्यासाठी नव्हे, वांगी चांगली होती म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. भाजली, गरम गरमच सोलली, काळी सालं बोटांना चिकटली, नेहमीसारखी नळाखाली बोटं चोळली. भरीत कालवून त्यांच्या डब्यात ठेवलं आणि तळघरात टाकीचं तापमान बघायला धावले.

दारावर हात धरला. लाल दिवा. 'निकोटीन. प्रवेश नाही.'

यंत्र बिघडलं असं वाटलं आणि त्या सगळ्या खात्याच्या नावानं बोटं मोडली. पुन्हा हात धरला. लाल. साबण लावून धुऊन आले. लाल. डावा हात धरला. हिरवा. उजवा धरला. लाल. मागं उभी असलेली भिकाबाई म्हणाली, ताई, तुम्ही कधीपासून?

तिनं चेष्टाच केली होती. पण नेमका हाच प्रश्न मी दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्याला विचारला होता.

वांगं. टोमॅटो, मिरची, वांगं, तंबाखू, सगळी एकाच कुळातली. वांग्यात निकोटीन असतं, इतर कोणत्याही भाजीपेक्षा जास्त असतं. खाणाऱ्याला त्याचं काही होत नाही, कुणी मोजायलाही जात नाही. पण पोलीसपाटील मोजतो. हे मला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. पळसुल्यांसमोर टोमॅटोपर्यंत माझी जीभ गेली होती, एका पावलावर वांगं होतं, आणि मी तिथून परत फिरले होते.

मी घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. चातुर्मासापासून चंपाषष्ठीपर्यंत आमच्या घरात वांगं येत नाही. पहिले तीन दिवस, शून्य. चौथा दिवस चंपाषष्ठी, खंडोबाला भरीत-रोडगा. बारा माणसांना वीस वांगी लागली होती. बाकी सगळे बाटल्यांत अडकलेले म्हणून वीसच्या वीस मी सोलली होती, याच हातानं. आणि दुपारी त्याच बोटानं शेकडो बाटल्यांच्या तोंडावरून टवके शोधले होते. नऊ. पाचव्या दिवशी चार. सहाव्या दिवशी एक. धुण्याबरोबर उतरत जाणारे आकडे. पुन्हा तंबाखू धरलेल्या माणसाचे आकडे उतरतात का कधी? पहिल्या वर्षाच्या पोरानंसुद्धा कागद बघून हे सांगितलं असतं. मला तो कागद वाचायचाच नव्हता. मला माणूस हवा होता आणि तो घरातच होता.

खात्री करायची म्हणून वांग्याच्या सालाला डाव्या हाताचं बोट लावलं आणि दारावर धरलं. लाल.

पळसुल्यांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, मॅडम, शास्त्रीय दृष्ट्या अगदी पटण्यासारखं आहे. मी म्हटलं, मग ते नाव काढा आणि माझं घाला. ते म्हणाले, तुमचं कसं घालणार, तुम्ही तंबाखू कुठं खाता? वांग्याचा पर्याय प्रपत्रात नाही. कबुलीजबाब खोटा होता असं तुम्ही कळवलंत तर शिक्का रद्द होईल, आणि नवा पर्याय घालायचा प्रस्ताव समितीपुढे जाईल. मी विचारलं, किती दिवस? साधारण अठरा महिने. मी म्हटलं, तेवढ्यात आमची वाइन तयार होते हो.

ते आवाज आणखी मऊ करून म्हणाले, "मॅडम, शिक्का मिळालाय. बाटल्या तयार आहेत. शेवटची लाल ओळ कोण वाचतंय? राहू द्या ना."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तसंच वाटलं. तीन वर्षं. भुरीनं राखाडी झालेले घड. बांधावरचं हसणं. मी एक बाटली उचलून फोन समोर धरला. बाग, छाटणी, अठरा महिने. मग लाल ओळ. ज्या माणसानं अकरा वर्षं तोंडात सुपारीचं खांडही धरलं नाही, त्याचं नाव बापाच्या नावासकट बेचाळीसशे टेबलांवर जाणार, आणि ते वाचून कुणीतरी म्हणणार, बरं झालं, काढला तो तंबाखूवाला.

मी रद्द करण्याचा अर्ज पाठवला. कारण या रकान्यात लिहिलं: 'कबुलीजबाब खोटा. स्रोत मी. वांगी.' रकाना छोटा होता, पण मावलं.

मग बागेत गेले. संपतराव रिकामा डबा शेजारी ठेवून बांधावर बसले होते. भरीत संपवलेलं दिसत होतं. मी सगळं एका दमात सांगितलं, आकडे, साल, दार, अर्ज, शिक्का गेला तेही. त्यांनी एकदाच मान वर केली, वांगं म्हटलं तेव्हा.

"मग सही कशाला केलीत?" मी विचारलं. मला अजूनही राग येत होता, आता कुणाचा ते कळत नव्हतं. "खोटं कशाला कबूल केलंत?"

"फॉर्म माणूस मागत होता. तूही माणूस मागत होतीस. माझं नाव लिहिलं की तुझी वाइन सुटत होती." ते काडीनं माती उकरत राहिले. "त्याचं काही नाही. पण एक सांग. अकरा वर्षं दर महिन्याला तोंड उघडून दाखवलं तुला. टॉर्च कपाटातच होता. त्या दिवसांत एकदा तरी म्हणालीस का, बसा खुर्चीत, दाखवा?"

मी नव्हते म्हणाले. पंधरा दिवस गालात गोळी ठेवली असती तर मला तिथं दिसलीच असती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी पानवाल्याला फोन केला, शर्ट हुंगले, ट्रॅक्टरची सीट उचकटली, आणि ज्या एका तपासणीवर अकरा वर्षं विसंबले तीच केली नाही. यंत्रानं सांगितलेलं होतं ना. मी तिथंच बांधावर बसून राहिले आणि रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही.

शिक्का उतरवायला तीन दिवस लागले. बेचाळीसशे बाटल्यांवरून हिरवी लेबलं ओल्या फडक्यानं काढताना भिकाबाई सगळ्या सरकारी यंत्रांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. दारावरचा गणक नेऊ शकत नाही, तो अठरा महिने राहणारच, असं पळसुल्यांचं पत्र आलं. बंदी मात्र उठली. संपतराव पहिल्यांदा आत गेले तेव्हा कामगारांनी रांग सोडून त्यांना पुढं केलं. ते हात धरून उभे राहिले, हिरवा दिवा लागला, आणि ते थेट टाक्यांकडे गेले. बाहेरच्या खोलीतलं त्यांचं अंथरूण तिथंच होतं. ते मी आत आणलं नाही. तो अधिकार आता माझा नव्हता.

मार्चची पहिली तारीख उजाडली. मी टॉर्च आदल्या दिवशीच चार्ज करून ठेवला होता. सकाळी खिडकीशी स्टूल घेऊन बसले आणि वाट बघत राहिले. ते येतील असं मला धरून चालता येत नव्हतं. आंघोळ करून ते बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, टॉर्चकडे बघितलं. मग खुर्ची ओढून उजेडाकडे तोंड करून बसले. तोंड मात्र उघडलं नाही.

"आधी हात दाखव," म्हणाले.

मी टॉर्च मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात पुढं केले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरले, उलटे केले, एकेक बोट वेगळं करून बघितलं. उजव्या बोटापाशी थांबले, नाकाजवळ नेऊन हुंगलं. बराच वेळ लावला. काहीही केलेलं नसताना मी निकालाची वाट बघत होते.

"साबण," ते म्हणाले. मग त्यांनी हात सोडले आणि तोंड उघडलं.